चिखल, डिंक आणि पाषाणची प्रयोगशाळा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

काही दिवसांपूर्वी एका शाळेत विज्ञान प्रश्नमंजूषेचा परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. तरुण शास्त्रज्ञांना मिळणारा मानाचा राष्ट्रीय पुरस्कार कोणाच्या नावाने दिला जातो, या प्रश्नावर सगळ्या संघांचे हात एकदम वर गेले आणि उत्तरही बरोबर आले. मग मी नियम थोडा बाजूला ठेवून विचारले की हे शांतिस्वरूप भटनागर कोण होते. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी नववीतली एक मुलगी उठून म्हणाली, "ज्यांचा पुरस्कार आहे, ते." तिच्या या उत्तराचा दोष मी तिच्याकडे देणार नाही. पुरस्कार जाहीर होतात तेव्हा विजेत्यांची नावे, त्यांच्या संस्था आणि त्यांत मराठी किती हे आपण आवर्जून छापतो आणि वाचतो, मात्र ज्या माणसाच्या नावाने तो दिला जातो त्याच्याविषयी एक ओळही कुठे येत नाही. चौतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवलेल्या माझ्यासारख्यालाही नोकरीची पहिली दहा वर्षे यापलीकडे काही ठाऊक नव्हते, हे मी लपवत नाही.

आज हे पत्र लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे. संरक्षण संशोधनावर किती खर्च व्हावा आणि लोकोपयोगी विज्ञानावर किती, हा वाद आपल्या स्तंभांतून अधूनमधून होत असतो. त्यातली बहुतेक पत्रे ही दोन खाती जन्मापासूनच वेगळी असल्याचे गृहीत धरून लिहिलेली दिसतात. भारतात सरकारी संशोधनाचे जे एक मोठे जाळे पुढे उभे राहिले, त्याचे बी महायुद्धाच्या धामधुमीत आणि युद्धासाठीच पेरले गेले. ते पेरणारा माणूस मात्र पहिल्या दिवसापासून युद्धानंतरच्या दिवसांचा विचार करत होता. भटनागरांच्या कारकिर्दीतली हीच गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते, आणि तिचीच चर्चा सर्वात कमी होते.

त्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी आज पाकिस्तानात असलेल्या भेरा या गावी झाला. ते जेमतेम आठ महिन्यांचे असताना वडील वारले आणि मुलगा आजोळी, आजच्या उत्तर प्रदेशातल्या सिकंदराबादला वाढला. आईचे वडील इंजिनिअर असल्यामुळे यंत्रे मोडण्याची आणि जोडण्याची गोडी तिथेच लागली. पुढे लाहोरचे शिक्षण झाले, त्यानंतर लंडनला प्रा. डॉनन यांच्या हाताखाली १९२१ मध्ये डॉक्टरेट मिळाली, मग तीन वर्षे बनारस हिंदू विद्यापीठात अध्यापन केले आणि १९२४ पासून १९४० पर्यंत ते पंजाब विद्यापीठात लाहोरला होते. लंडनमध्ये त्यांनी अभ्यास केला तो तेल आणि पाणी यांच्या सीमेवर काय घडते याचा, म्हणजे पायसे (एका द्रवात विखुरलेले दुसऱ्या द्रवाचे थेंब), साबण आणि कलिल द्रव्ये (ज्यांत अतिसूक्ष्म कण खाली न बसता तरंगत राहतात) यांचा. हा विषय ऐकायला किरकोळ वाटतो. पुढच्या सगळ्या गोष्टी त्यातूनच निघाल्या, म्हणून तो इथे नोंदवतो.

लाहोरच्या काळातली एक हकीकत मी दर वर्षी अकरावीच्या वर्गात सांगत असे. रावळपिंडीकडच्या भागात अॅटॉक ऑइल कंपनी तेलाच्या विहिरी खोदत होती. आपल्याकडे काळ्या दगडात बोअर घेताना हवेच्या दाबाने भुकटी वर उडवतात, पण तेलाची विहीर खूप खोल जाते आणि तिथे गिरमिटाच्या पोकळ नळीतून मातीचा पातळ चिखल सतत खाली सोडावा लागतो. हा चिखल गिरमिटाचे पाते थंड ठेवतो, दगडाचा चुरा वर घेऊन येतो आणि आपल्या वजनाने विहिरीच्या भिंती आणि आतला वायूचा दाब सावरून धरतो. अडचण अशी होती की खाली खाऱ्या पाण्याचा थर लागला की चिखल त्या मिठाच्या संपर्कात येऊन घट्ट होत होत दगडासारखा होई, गिरमीट जागच्या जागी अडके आणि काम बंद पडे. कंपनीच्या इंजिनिअरांना हा यंत्राचा प्रश्न वाटत होता. भटनागरांनी तो कलिल रसायनाचा प्रश्न आहे हे ओळखले. मातीचे सूक्ष्म कण पाण्यात एकमेकांपासून दूर राहतात ते त्यांच्यावरच्या विद्युतभारामुळे. मिठाने तो भार झाकला गेला की कण एकमेकांना चिकटतात. कणांवर डिंकाचा पातळ लेप चढवला तर मीठ आले तरी ते सुटे राहतील, असा त्यांचा तर्क होता. त्यांनी चिखलात देशी डिंक मिसळायला सांगितला आणि अडलेले काम पुढे सरकले.

वर्गात मी हे करून दाखवत असे. काचेच्या दोन पेल्यांत मुलतानी माती पाण्यात ढवळायची, एकात नुसते मीठ टाकायचे आणि दुसऱ्यात आधी बाभळीच्या डिंकाचे दाट पाणी घालून मग तेवढेच मीठ टाकायचे. पहिल्या पेल्यात थोड्याच वेळात मातीचे पुंजके होऊन खाली बसतात आणि वरचे पाणी निवळते, तर दुसरा पेला तास संपेपर्यंत गढूळ राहतो. मागच्या बाकावरची मुलेसुद्धा उठून पुढे येत. पाठ्यपुस्तकात 'संरक्षक कलिल' अशी तीन ओळींची व्याख्या आहे. ती वाचून कोणी जागचे उठल्याचे मला आठवत नाही.

कंपनीचे चालक असलेल्या लंडनच्या स्टील ब्रदर्सनी यावर खूश होऊन भटनागरांना दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळात प्राध्यापकासाठी ही रक्कम म्हणजे फार मोठी गोष्ट होती. त्यांनी ती स्वतः घेतली नाही आणि विद्यापीठात पेट्रोलियम संशोधनाचा विभाग काढण्यासाठी द्यायला लावली. मेणाचा वास घालवणे, रॉकेलची ज्योत उंच करणे, तेल उद्योगातल्या टाकाऊ पदार्थांचा उपयोग करणे असे घरगुती वापराचे विषय त्या विभागाने हाती घेतले. मूलभूत संशोधनही त्यांनी सोडले नव्हते. पदार्थांचे चुंबकीय गुणधर्म मोजणारा भटनागर-माथुर तराजू १९२८ चा आहे. उद्योगाचा प्रश्न सोडवल्याने विद्यापीठाच्या अध्यापकाची प्रतिष्ठा कमी होत नाही, हा धडा त्यांनी युद्धाच्या आधीच घालून दिला होता.

आता युद्धाकडे येतो. भारताला युद्धकालीन संशोधनाचा अनुभव दुसऱ्या महायुद्धाच्या आधीही एकदा आला होता, आणि तो निराशेचा होता. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्ग धोक्यात आल्यावर आपल्या देशात साधी रसायनेसुद्धा तयार होत नाहीत हे सरकारच्या लक्षात आले. हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक आयोग नेमला गेला, त्याने १९१८ मध्ये संशोधन सेवांची शिफारस केली, मग थॉर्प यांची समिती आली, तिनेही केंद्रीय संशोधन संस्था असावी असे सांगितले. युद्ध संपले, जहाजे पुन्हा नियमित येऊ लागली आणि हे सगळे अहवाल कपाटात गेले. पुढची वीस वर्षे हाती काही लागले नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा भारत पुन्हा त्याच ठिकाणी उभा होता.

या पार्श्वभूमीवर १ एप्रिल १९४० रोजी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन मंडळ स्थापन झाले, आणि तेही केवळ दोन वर्षांसाठी. वर्षाला पाच लाखांची तरतूद होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य सर आर्कॉट रामस्वामी मुदलियार अध्यक्ष झाले आणि लाहोरहून भटनागरांना संचालक म्हणून बोलावण्यात आले. प्रयोगशाळा कलकत्त्यात अलीपूरच्या सरकारी चाचणीगृहात थाटली गेली. कामांची नावे वाचली तरी त्या दिवसांची निकड समजते: विषारी वायूला न दाद देणारे कापड, न फुटणारे डबे, सैनिकांचे बूट आणि दारूगोळा ठेवण्याच्या प्लास्टिकच्या पेट्या, गणवेशांसाठी रंग, जीवनसत्त्वांची द्रव्ये, वनस्पती तेलांची मिश्रणे करून त्यांपासून इंधन आणि वंगण.

या यादीतल्या एका कामापाशी मला थोडे थांबायचे आहे. ते म्हणजे बलुचिस्तानातला गंधक शुद्ध करण्याचे. बाहेरून येणाऱ्या गंधकाच्या वाटा युद्धाने अडवल्या होत्या आणि गंधकाशिवाय गंधकाम्ल नाही. गंधकाम्लाशिवाय स्फोटके नाहीत, हे खरेच आहे. त्याच गंधकाम्लाशिवाय सुपरफॉस्फेट खत नाही, तुरटी नाही, मोटारीची बॅटरी नाही, कितीतरी औषधेही नाहीत. बलुचिस्तानचा गंधक माती-दगडाने भरलेला होता. तो वापरण्याजोगा करण्याची पद्धत मंडळाने बसवली ती सैन्याची गरज म्हणून, आणि उपयोगाची ठरली असती ती शेतकऱ्यालाही. वनस्पती तेलांच्या वंगणाचेही तसेच. तेलाच्या थेंबाचा जो अभ्यास विद्यार्थिदशेत लंडनला झाला होता तो इथे यंत्रांना चालते ठेवत होता. १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडला आणि तिथले तेल हातचे गेले, तेव्हा या कामाचे मोल सरकारला आपोआप पटले.

तरीही एवढ्यावर भटनागर थांबले असते, तर १९१८ ची पुनरावृत्ती ठरलेली होती. युद्ध ऐन भरात असताना १९४१ आणि १९४२ मध्ये त्यांनी मुदलियारांच्या साह्याने तीन पावले उचलली. ती प्रशासकीय असल्यामुळे कंटाळवाणी वाटतील, तरी माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण तिथे आहे. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली पद्धत कारखान्यात कशी जाईल हे पाहण्यासाठी १९४१ च्या सुरुवातीला उद्योगपतींना घेऊन वेगळी समिती झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मध्यवर्ती विधिमंडळाने औद्योगिक संशोधन निधी मंजूर केला, वर्षाला दहा लाख रुपये, पाच वर्षांसाठी. पाच वर्षे म्हणजे युद्ध केव्हाही संपले तरी पैसा दुसऱ्या दिवशी थांबणार नव्हता. आणि २६ सप्टेंबर १९४२ रोजी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, आजची सीएसआयआर, अस्तित्वात आली, ती सरकारी खाते म्हणून नव्हे तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवलेली स्वायत्त संस्था म्हणून. गावातले वाचनालय किंवा शिक्षणसंस्था ज्या कायद्याखाली नोंदवली जाते, त्याच कायद्याखाली. खाते एका आदेशाने बंद करता येते, नोंदणीकृत संस्था तशी पुसून टाकता येत नाही. पहिल्या महायुद्धानंतर जे झाले त्याची ज्याला आठवण होती, त्यालाच हे सुचू शकते.

तारखेकडे मात्र मराठी वाचकाचे लक्ष लगेच जाईल, आणि जायलाही हवे. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला. त्यानंतर सात आठवड्यांनी ही परिषद सुरू झाली, ती त्याच इंग्रज सरकारच्या छत्राखाली, आणि तिचा प्रमुख आदल्या वर्षी 'सर' झालेला होता. माझे आजोबा त्या चळवळीत दीड वर्ष तुरुंगात होते. घरात कोणी 'सर' अमुकतमुक म्हटले की ते जेवणाच्या पाटावरून उठून जात, हे मी वडिलांकडून ऐकले आहे. म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. देशातले लोक लाठ्या खात असताना सरकारच्या युद्धप्रयत्नाला हातभार लावणाऱ्या शास्त्रज्ञाचा गौरव आपण कोणत्या तोंडाने करायचा?

मी बरीच वर्षे याचे उत्तर शोधत होतो, आणि जे सापडले ते एका किल्ल्यात. परिषद स्थापन झाली त्या दिवशी जवाहरलाल नेहरू आणि वल्लभभाई पटेल दोघेही अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते. ३ जानेवारी १९५० रोजी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन नेहरूंच्या हस्ते झाले आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे उद्घाटन सरदार पटेलांच्या हस्ते. नगरच्या त्या भिंतींआड असलेल्या दोघांनी, तुरुंगात टाकणाऱ्या सरकारच्या नोकराने बांधलेली संस्था आपली म्हणून स्वीकारली आणि त्या नोकरालाच तिचा प्रमुख ठेवले. स्वातंत्र्यानंतर परिषदेचे अध्यक्षपद खुद्द नेहरूंनी आपल्याकडे घेतले. आजोबांचा राग चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. त्या रागाशिवाय १९४७ आले नसते. भटनागरांनी दुसऱ्या बाजूला बसून जे उभे केले तेही या देशाच्याच कामी आले. ज्यांनी सर्वात जास्त सोसले त्यांनी ते ओळखले, एवढे मला पुरते.

पुण्याच्या वाचकांना तरी हा इतिहास घरचा वाटायला हवा. १९४३ मध्ये, म्हणजे युद्ध अजून दोन वर्षे चालायचे असताना, परिषदेच्या नियामक मंडळाने पाच राष्ट्रीय प्रयोगशाळांची भटनागरांची योजना मान्य केली: रसायन, भौतिकी, धातुशास्त्र, इंधन आणि काच व मृत्तिका. १९४४ मध्ये सरकारने त्यांच्यासाठी एक कोटी रुपये दिले आणि टाटा उद्योगसमूहाने रसायन, धातू व इंधनाच्या प्रयोगशाळांसाठी वीस लाखांची देणगी दिली. दिल्लीच्या इमारतीची कोनशिला ४ जानेवारी १९४७ ला बसली आणि पुण्यातली ६ एप्रिल १९४७ ला, मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर यांच्या हस्ते. दोन्ही तारखा १५ ऑगस्टच्या आधीच्या आहेत. त्यानंतर १९५० या एका वर्षात पुणे, दिल्ली, धनबादजवळचे जेलगोरा, कलकत्ता, म्हैसूर आणि जमशेदपूर अशा सहा ठिकाणी प्रयोगशाळा उघडल्या. फाळणी, निर्वासित, अन्नटंचाई, काश्मीर यांतून नुकत्याच बाहेर पडत असलेल्या देशाने हे केले.

पुण्याचे पहिले संचालक जेम्स मॅकबेन हे साबणाच्या द्रावणांवर आयुष्य घालवलेले कलिलशास्त्रज्ञ होते. भटनागरांच्या विषयातला, म्हणजे आपल्या त्या चिखल-डिंकाच्या विषयातला, जगातला एक मोठा अधिकारी म्हणून त्यांना इथे आणले गेले. त्यांच्यानंतरचे जॉर्ज फिंच यांनी १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूच्या नळ्या वापरून चढाई केली होती. १९५७ मध्ये मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातले प्रा. के. वेंकटरामन आले आणि पहिल्यांदा भारतीय संचालक लाभला. तिथून पुढचा, डॉ. रघुनाथ माशेलकरांपर्यंतचा आणि त्यानंतरचा इतिहास आपल्या वाचकांना बऱ्यापैकी परिचित आहे. कॉलेजात असताना आमच्या सरांनी आम्हाला सायकलींवरून पुण्यातल्या पाषाण भागात ही प्रयोगशाळा दाखवायला नेले होते. दगडी इमारतीपेक्षा तिथला काचकाम विभाग माझ्या मनात अधिक राहिला. एक वयस्क कारागीर तोंडात रबरी नळी धरून, डोळ्यांवर निळसर चष्मा लावून, ज्योतीवर काचेची नळी फिरवत होता आणि शास्त्रज्ञाने कागदावर काढून दिलेल्या आकृतीबरहुकूम संघनक घडवत होता. परदेशातून मागवायचा तर सहा महिने लागतात, तो दुपारपर्यंत देतो, असे आमच्या मार्गदर्शकाने सांगितले. परावलंबनाचा जो धडा १९४० मध्ये सरकारला जहाजे अडल्यावर मिळाला, तो मला त्या माणसाच्या बोटांत दिसला.

फाळणीने भटनागरांचे जन्मगाव, त्यांचे कॉलेज आणि लाहोरचा तो पेट्रोलियम विभाग हे सगळे सीमेपलीकडे गेले. त्यांच्या हाताखाली परिषदेत काम केलेले रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दीकी १९५१ मध्ये पाकिस्तानात गेले आणि तिथली तशीच परिषद त्यांनी उभारली. भटनागर आणि त्यांच्या पत्नी यांचे नाते फार घट्ट होते. पत्नी लाजवंती १९४६ मध्ये गेल्या. ते उर्दूत कविता करत हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मुंबईकर वाचकांसाठी आणखी एक धागा. स्वतंत्र भारतात तेलशुद्धीकरण कारखाने उभारण्यासाठी परदेशी कंपन्यांशी ज्या वाटाघाटी झाल्या, त्यांत सरकारच्या बाजूने भटनागर महत्त्वाची भूमिका बजावत होते. १९५१ मध्ये करार झाले आणि स्टॅनव्हॅक व बर्मा-शेल यांचे कारखाने तुर्भे-माहुलच्या किनाऱ्यावर १९५४ आणि १९५५ मध्ये सुरू झाले. हेच पुढे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम यांच्याकडे आले. त्या कारखान्यांच्या धुराने माहुलच्या रहिवाशांना जो त्रास झाला तो वेगळा आणि गंभीर विषय आहे. त्याचा भार त्या काळच्या निर्णयावर टाकायचा की नंतरच्या दुर्लक्षावर, यावर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल. इथे एवढेच सांगतो की, रावळपिंडीजवळच्या विहिरीतल्या चिखलाने सुरू झालेला प्रवास चेंबूरपलीकडच्या खाजणापर्यंत येऊन पोहोचला.

ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला तेव्हा डॉ. होमी भाभा, डॉ. के. एस. कृष्णन आणि भटनागर असे तिघेच त्याचे सदस्य होते. संरक्षण संशोधनाची जबाबदारी मात्र त्याच वर्षी डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्याकडे स्वतंत्रपणे देण्यात आली. त्या दिवसापासून आपल्याकडे दोन वाटा झाल्या. आज पुण्यात शस्त्रास्त्रांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आणि रासायनिक प्रयोगशाळा एकाच पाषाण परिसरात आहेत, आणि माझ्या ओळखीचे कित्येकजण या दोन्हींपैकी एकीत नोकरी करून निवृत्त झाले. दुसऱ्या प्रयोगशाळेत काय चालते ते त्यांना ठाऊक नसे. गुप्तता आवश्यक असते हे मला मान्य आहे. तरी बलुचिस्तानच्या गंधकाची आठवण ठेवली, तर ज्या ज्ञानावर गुप्ततेचा शिक्का असण्याचे कारण नाही ते एका फाटकातून दुसऱ्या फाटकात जाण्याची सोय वाढायला हवी, असे मला आग्रहाने वाटते.

भटनागरांवर टीकाही झाली आणि तिच्यातला काही भाग रास्त होता. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना सरकारी प्रयोगशाळांचा हा विस्तार मुळीच पसंत नव्हता आणि 'नेहरू-भटनागर परिणाम' हा शब्द त्यांनीच रूढ केल्याचे सांगतात. मेघनाद साहा यांनी विद्यापीठे दुबळी राहण्याचा धोका दाखवला. विद्यापीठात शिकवणाऱ्या, पण प्रयोगशाळेत साधा उष्मामापक मिळवण्यासाठी वर्षभर अर्ज करणाऱ्या सहकाऱ्यांना मी पाहिले आहे, त्यामुळे साहांचे म्हणणे मला नाकारता येत नाही. चांगली माणसे आणि चांगली उपकरणे राष्ट्रीय प्रयोगशाळांकडे गेली आणि विद्यार्थी विद्यापीठांत राहिले. ही फारकत आपल्याला महाग पडली. भटनागरांना तिची जाणीव असावी, कारण डिसेंबर १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे पहिले अध्यक्षपद त्यांनीच स्वीकारले, आणि त्याच महिन्यात प्रयोगशाळेतले शोध उद्योगांपर्यंत नेण्यासाठी राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळही अस्तित्वात आले. हे दोन्ही टोकांचे काम मार्गी लावायला त्यांना जेमतेम एक वर्ष मिळाले. १ जानेवारी १९५५ रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. साठी ओलांडून त्यांना वर्षही झाले नव्हते.

संपादक महोदय, आपल्याकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली ही की, यापुढे भटनागरांच्या नावाचे पुरस्कार जाहीर होतील तेव्हा विजेत्यांच्या बातमीसोबत चार-पाच ओळींची चौकट त्यांच्यावर द्यावी आणि तिच्यात १९४० ते १९४३ या वर्षांचा उल्लेख असावा. दुसरी अशी की, पाषाणच्या प्रयोगशाळेत सुरुवातीच्या दशकांत काम केलेले काचकारागीर, यांत्रिक, ग्रंथपाल, भांडारपाल यांच्यापैकी जे हयात आहेत त्यांच्या मुलाखती आपल्या वार्ताहरांनी घ्याव्यात. शास्त्रज्ञांची चरित्रे लिहिली जातात, या माणसांच्या आठवणी त्यांच्याबरोबर जातात, आणि त्यांतले बहुतेकजण आज नव्वदीच्या आसपास आहेत.

त्या शाळेतल्या नववीच्या मुलीला मी कार्यक्रमानंतर बोलावून घेतले आणि दोन पेले, मुलतानी माती, मीठ आणि डिंक मागवून तो प्रयोग तिच्याकडूनच करवून घेतला. दुसरा पेला गढूळ राहिलेला पाहून ती म्हणाली, "सर, मग डिंक किती कमी केला तरी चालेल?" मी तिला घरी करून पाहायला सांगितले आहे. इतर शाळांतल्या शिक्षकांनाही तो करावासा वाटल्यास सूचना एकच: डिंक कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्यावा आणि मीठ नेहमी डिंकाच्या नंतर टाकावे.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
पुणे